आवाज क्रमांक एक

शीतल मगदूम यांनी दोन्ही पोती उपडी केली आणि काचघराच्या टेबलावर हार्ड डिस्कांचा ढीग झाला.

"काका, बटाटे हायत का ते?" अफसाना मुल्लाणी खुर्चीतून ताडकन उठली. "एकेक हळू ठेवायची. म्हातारी माणसं हायत ती."

बाकावर नंबर लावून बसलेली माणसं हसली. मगदूमही हसले, सगळ्यांपेक्षा जरा मोठ्यानं. चार माणसांत हसायला त्यांना आवडायचं आणि चार माणसांना हसवायला त्याहून जास्त.

नाव शीतल असलं तरी गृहस्थ चांगले उंचेपुरे, झुबकेदार मिशांचे. सांगली-जयसिंगपूरकडच्या जैन घरांत हे पुरुषाचंच नाव. ‘अरिहंत व्हिडिओ’ ही त्यांची पाटी पंचवीसेक वर्षं गावात होती आणि त्या काळात आपल्या कॅमेऱ्याशिवाय जयसिंगपुरात कोणाच्या डोक्यावर अक्षता पडल्या नाहीत, असं ते स्वतःच सांगत. त्यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. पुढे लोक फोनवरच सगळं टिपायला लागले, मगदूमांचे डोळे अधू झाले, दुकान मिटलं. माळ्यावर उरली ती ही पोती. लोकांना दिलेला सिनेमा तीन तासांचा असायचा. पोत्यांत होतं ते मूळचं, न कापलेलं. दोन-दोन दिवसांची लग्नं, जशी घडली तशी.

ती टिकवायची कशी, हा प्रश्न २०४४ सालापर्यंत मगदूमांच्या ऐपतीबाहेरचा होता. हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी चुंबकी थाळी. तिला नुसतं ठेवून दिलं तरी ती म्हातारी होते. चुंबकत्व विरत जातं, फिरणारे भाग धरून बसतात आणि एक दिवस दोनदा टकटक करून ती कायमची गप्प होते. म्हणून दर आठ-दहा वर्षांनी जुनं सगळं नव्यावर उतरवत बसायचं. हा उद्योग बँकांना आणि सरकारांना परवडायचा. तुमच्या-आमच्या आठवणी माळ्यावर मरत. त्यात दहा वर्षांपूर्वी कृष्णेला असा महापूर आला, की अर्ध्या तालुक्याचे अल्बम, कॉम्प्युटर आणि पेन ड्राइव्ह यांचा एकच चिखल झाला. तेव्हापासून लोक धास्तावले होते.

मग काच आली. गारगोटीपासून केलेल्या शुद्ध काचेची तळहाताएवढी पट्टी घ्यायची आणि तिच्या आत लेसरचे ठोके मारायचे. ठोका इतका आखूड, की काच तडकायला वेळच मिळत नाही. आत फक्त एक सूक्ष्म पोकळी उरते. पोकळीचा आकार आणि कल यांत माहिती साठते. असे शेकडो थर एकाखाली एक. वाचायला साधा उजेड आणि सूक्ष्मदर्शक पुरे. वीज नको, एसी नको. पाण्यात बुडवा, भट्टीत टाका, दहा हजार वर्षं ती तशीच राहील असं शास्त्रज्ञ म्हणत. दहा हजार वर्षं थांबून खात्री करायला कोणी बसणार नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी ते मान्य केलं.

अडचण एकच होती. कोरणारं यंत्र महाग आणि मंद. एका घरासाठी एक काच कोरायची तर ते घरच विकावं लागलं असतं. यावर तोडगा निघाला तो आपल्याच भागातला: वडाप. गावोगाव जाणारी ती जीप सगळी शिटं भरल्याशिवाय जशी हलत नाही, तशी ही काच. चाळीस-पन्नास घरांचा माल जमला, की एक पट्टी भरते आणि कोरायला जाते. वाटणीत कोणालाच जड जात नाही. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर काचघरं निघाली आणि माणसं बारशापासून बाराव्यापर्यंतचं सगळं काचेत घालायला रांगा लावू लागली.

पण एकदा कोरलं की कोरलं. ते पुसता येत नाही. फोडावं म्हटलं, तर आपल्या एका नकोशा आठवणीसाठी पन्नास घरांच्या आठवणी फुटणार. शिवाय प्रती तीन निघतात आणि तीन गावांत राहतात. वडापमध्ये बसल्यावर मधेच उतरायची सोय नाही.

मगदूमांना उतरायचं नव्हतंच. गावाची लग्नं गावाला फुकट अर्पण करायची, आपल्या नावाची पाटी लागायची, नगरपालिकेनं शाल-श्रीफळ द्यायचं, असा सगळा बेत पक्का होता.

चार दिवसांनी अफसानाचा फोन आला. "काका, जरा येऊन जावा. सूची झालीय, नावं घालायला पायजेत."

कोरण्याआधी यंत्र सगळ्या चित्रांची आणि आवाजांची सूची करतं. हा चेहरा कुठं कुठं दिसतो, हा आवाज कोणकोणत्या लग्नात आहे. चेहऱ्यांना आणि आवाजांना आधी नुसते क्रमांक मिळतात, जो जास्त आढळला तो वर. नावं माणसांनी सांगायची.

"हा बघा, आवाज क्रमांक एक," अफसाना पडद्याकडे बोट करत म्हणाली. "एकूण एक लग्नात हाय. हळदीत हाय, पंगतीत हाय, वरातीत बी हाय. कोण म्हणायचं हे?"

"बाहुबली उपाध्ये," मगदूम ठामपणे म्हणाले. "लग्न लावायला त्येच असायचे. मंगलाष्टकं म्हणायला लागले की मांडव हलायचा."

"उपाध्ये चौथ्या नंबरावर हायत. ऐकवते थांबा."

बाकावरची माणसंही कान टवकारून बसली. जुन्या लग्नातलं काही ऐकायला मिळणार म्हटल्यावर कोणाला नको असतं?

‘दिनकर, लाइट खाली घे रे. नवरदेवाच्या टकलावर पडायलाय, सगळं पिच्चर पांढरं झालं.’

बाक खदखदला. मगदूमांनाही क्षणभर हसू फुटलं. मग तो आवाज त्यांच्या ध्यानात आला. आपला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला तर ओळखायला माणसाला वेळ लागतो.

‘नवरीच्या आईचा हार बघितलास का? भाड्याचा हाय. घासलास तर पितळ निघंल.’

‘काळीच हाय की रे पोरगी. भिंतीला चुना दिल्यागत पावडर थापलीय.’

‘ह्या मावशीला उठवा आता. तिसरी पंगत उठली, ही उठंना. मांडव खाऊन जाती का काय!’

हसणं मधेच थांबलं. बाकाच्या टोकाला बसलेली एक बाई हातातला पेन ड्राइव्ह चाळवत हळू आवाजात म्हणाली, "आमची मावशी हाय ती. घरात दोन दिवस काय शिजलं नव्हतं म्हणून..."

अफसानानं आवाज बंद केला. कोणीच मगदूमांकडे बघत नव्हतं आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या घडीला कळलं.

आता कोणी म्हणेल, इतकी वर्षं धंदा केला आणि एवढंही समजलं नाही? पण खोट धंद्याच्या रीतीतच होती. लग्नाच्या सिनेमाला मूळ आवाज लागायचाच नाही. एडिटिंगला बसलं, की पहिलं काम म्हणजे आवाज बंद करायचा आणि वर सनई नाहीतर गाणी टाकायची. फक्त मंगलाष्टकांपुरता खरा आवाज ठेवायचा आणि तेवढा वेळ मगदूम गप्प असत. बाकी दोन दिवस कॅमेरा खांद्यावर, कॅमेऱ्याचा माइक तोंडापासून वीतभर, आणि शेजारी लाइट धरून उभा असलेला दिनकर हसायला तयार. उचलली जीभ, लावली टाळ्याला. हे सगळं मांडवातल्या वाऱ्यावर जातंय, अशी मगदूमांची पक्की समजूत होती. ते वाऱ्यावर गेलंच नव्हतं. पोत्यात भरून माळ्यावर राहिलं होतं.

अफसानानं त्यांना आतल्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन दिले आणि दार लोटून घेतलं. दुपारपर्यंत ते ऐकत राहिले. एकेका लग्नात एकेक टोमणा. ज्यांच्या दारी त्यांनी पोटभर जेवून आहेर घेतला होता, त्यांचे काळे रंग, फाटकी धोतरं, तोतरे जावई. आपण गावाचे लाडके, विनोदी, दिलखुलास माणूस, असं ते आयुष्यभर समजत आले होते. त्या माणसाची त्यांना किळस आली.

बाहेर आले ते खाली बघतच. "अफसाना, हे काढता येतंय का?"

"कुठलं?"

"मला. मला काढ सगळीकडनं."

तिनं थोडा विचार केला. "‘आहे तसं’ घालायचं का ‘साफ करून’, हे ज्याचा माल त्यो ठरवतो. साफ करून म्हटलासा तर यंत्र तुमचा आवाज वेचून टाकंल. पण तुमचं तोंड माइकला चिकटून होतं, काका. तुमच्या आवाजाखाली दुसरा कोण बोलत असंल तर त्यो दबलाय, फाटलाय. तिथं यंत्र अंदाजानं भरतंय. त्या माणसानं काय म्हटलं असंल, कसं म्हटलं असंल, ते मनानं रचून घालतंय. ऐकणाऱ्याला फरक कळत न्हाई."

"मग काय बिघडलं?"

"बिघडलं काय न्हाई," अफसाना म्हणाली. पण तिच्या सुरात ते तसं नव्हतं. "शुक्रवारी वडाप भरतंय. तवर सांगा."

"सांगितलं की. साफ करून. सगळं."

घरी जायच्या वाटेवरच पद्मावती चौगुल्यांचं दार होतं. गल्लीत सगळे तिला पद्माक्का म्हणत. मगदूमांची बायको गेल्यापासून रोज दुपारी झाकलेलं ताट तिच्या घरून यायचं, कधी शेंगदाण्याची आमटी, कधी भरलं वांगं आणि ज्वारीची भाकरी. मगदूमांनी माळा उपसला त्याचं अर्धं कारण नगरपालिकेची शाल होती, पण उरलेलं अर्धं पद्माक्का होती. तिची एकुलती एक मुलगी त्रिशला. मगदूमांनीच तिचं लग्न चित्रात घेतलं होतं. लग्नानंतर चार वर्षांनी पुण्यात काविळीचं निमित्त झालं आणि पोर गेली. सिनेमा होता, पण त्यात सगळी गाणीच. तिचा आवाज कुठंच नव्हता. मगदूमांनी मोठ्या तोंडानं शब्द दिला होता, की अक्का, तुला तुझ्या पोरीचा आवाज ऐकवतो.

"झालं का हो काम, शीतलअण्णा?" तिनं दारातूनच विचारलं.

"होतंय. साफ करून देणार हायत. ऐकायला एकदम गोड."

"साफ कशाला? हाय तसं असू दे की." ती पायरीवर बसली. तिला काहीतरी बोलायचं होतं. पदराचा शेव बोटाला गुंडाळत, सोडत होती. "अण्णा, तुम्ही कॅमेरा घेऊन दोन दिवस तिच्या पुढ्यात होतासा. एक विचारू का? खरं सांगा."

"विचार की."

"तिला त्यो मुलगा पसंत नव्हता न्हवं?"

मगदूम गोंधळले. "असं का म्हणतीस?"

"त्या सिनेमात ती हसतच न्हाई. मी किती वेळा बघितलाय. माझी पोरगी दिवसभर खिदळायची हो, शेजाऱ्यांना ऐकू जायचं. आणि लग्नात बघावं तर तोंड मिटून, मान खाली घालून. आधी ती नकोच म्हणत होती, शिकायचंय म्हणत होती. मीच मागं लागले, चांगलं स्थळ हाय, चांगलं स्थळ हाय. मग एक दिवस हो म्हणाली. का म्हणाली, ते मी काय विचारलं न्हाई." पद्माक्काचा आवाज कोरडा होता. या गोष्टीवर रडून झालेलं होतं. "चारच वर्षं जगायची होती आणि ती बी मी तिच्या मनाविरुद्ध घालवली. जाताना ती मला काय बोलली न्हाई. पण बोलली असती तर काय बोलली असती?"

"नवऱ्या मुली तशाच असत्यात, अक्का. लाजत्यात," मगदूम म्हणाले आणि काढता पाय घेतला. त्या दिवशी आलेलं ताट त्यांच्या घशाखाली उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी काचघर उघडताच ते दारात हजर होते. "अफसाना, चौगुल्यांच्या त्रिशलाचं लग्न. मूळचं लाव."

मंगल कार्यालयातली नवरीची खोली. त्रिशला आरशासमोर, हिरवा चुडा भरलेला, मुंडावळ्या बांधायचं चाललेलं. मैत्रीण तिच्यावर ओणवी होऊन काहीतरी विचारते. त्रिशला मान वळवते, डोळे मोठे करते, बोलू लागते. नेमका त्याच वेळी मगदूमांचा आवाज, दिनकरला उद्देशून: ‘वायर पायात येतीय बघ, पडशील आणि नवरीच्या मांडीवर जाऊन बसशील.’ आणि त्या आवाजाखाली, दबून, पोरीचं बोलणं. मगदूमांनी ते चारदा लावलं. तिच्या ओठांवर नजर ठेवून ऐकलं, तेव्हा शब्द जुळले.

‘मला आवडलाय गं तो. पण आईला सांगू नको. नाहीतर म्हणेल, बघ, मी म्हणतच होते.’

आणि त्रिशला हसली. मान मागं टाकून, सगळे दात दाखवून, खळखळून हसली. तिचे पुढचे दात जरा पुढं होते. हसताना ते दिसत आणि ती फार छान दिसायची.

‘अरे हिला हसू नको म्हणावं कुणीतरी,’ तिच्या हसण्यावरच आवाज क्रमांक एक म्हणाला. ‘सगळी फ्रेम दातांनीच भरायलीय.’ दिनकरचं फिसकन हसणं. सिनेमात हा तुकडा मगदूमांनी घेतलाच नव्हता.

खोली काही मोठी नव्हती. त्रिशलानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग तिचा हात आपोआप तोंडावर गेला. मैत्रिणीनं ‘काय झालं गं?’ विचारलं, तर मगदूमांच्या चालू बडबडीखाली ती पुटपुटली, ‘दात दिसतात म्हणे.’ त्यानंतर दोन दिवस, हळदीत, सप्तपदीत, पंगतीत, ती पोरगी ओठ मिटून वावरली. आणि वरातीच्या वेळी, धन्य त्या माणसाची, तोच आवाज मोठ्या लाडानं म्हणत होता, ‘नवरीबाई, जरा हसा की! असं काय सुतक असल्यागत?’

मगदूमांनी हेडफोन काढले. आपल्या एका फालतू वाक्यानं एका पोरीचं लग्न आणि तिच्या आईचं उरलेलं आयुष्य काळवंडलं होतं, आणि आपण त्या बाईच्या घरची आमटी खात होतो. त्यांना आपल्या तोंडाची लाज वाटली, हातांची लाज वाटली, खांद्यावर कॅमेरा ठेवून ठेवून पडलेल्या घट्ट्याचीसुद्धा लाज वाटली.

"साफ केलेलं कसं दिसतंय?" त्यांनी विचारलं.

अफसानानं लावलं. त्रिशला मान वळवते, गुळगुळीत शब्द येतात, खऱ्यासारखेच, पण ‘मला आवडलाय’ त्यांत कुठंच नाही. मग हसू येतं. ते कोणत्याही चांगल्या घरच्या मुलीचं हसू होतं, पण त्रिशलाचं नव्हतं. मग काही कारण नसताना तिचा हात तोंडावर जातो आणि ती गप्प होते. पद्माक्कानं हे पाहिलं असतं तर तिला जे वाटत होतं तेच पक्कं झालं असतं.

मगदूमांनी टेबलावर बोटं वाजवली. मग त्यांनी जे विचारलं, ते विचारताना त्यांचं त्यांनाच ऐकवत नव्हतं. "पुढं चार ठिकाणी तिला हसवता येईल का? हळदीत, वरातीत. यंत्राला येत असंल की."

"येतं," अफसाना म्हणाली.

"आईला समाधान वाटंल तेवढंच."

"वाटंल." तिनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "काका, वडापमध्ये माझ्या अब्बांचा बी आवाज हाय. बांग देताना त्यांना मधेच खोकला यायचा. त्यो मी काढला न्हाई. एकदा काचेत गेलं की पुढच्यांना तेच खरं. तुम्ही म्हणत असाल तर मी तिला हसवते. तुमचा माल हाय. पण त्या बाईला तिची पोरगी पायजे, तुमची सुटका नको."

एवढं बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मगदूम तिथंच उभे. दार समोर होतं. काही न बोलता घरी गेलं असतं तर शुक्रवार आपोआप आला असता, सगळं साफ होऊन कोरलं गेलं असतं, आणि दहा हजार वर्षं कोणाला कळलं नसतं. ताटही रोज आलं असतं. हाच मोह सगळ्यांत मोठा होता, आणि तो आपल्याला होतोय याचीही त्यांना लाज वाटली.

"आहे तसं घाल," ते शेवटी म्हणाले. "त्रिशलाचं."

"आणि बाकीची?"

एका घरासमोर उभं राहायची हिंमत मगदूमांनी कशीबशी गोळा केली होती. अख्ख्या गावासमोर उभं राहायची नव्हती. "बाकीची... शुक्रवारच्या वडापमधनं उतरव. एकेकाच्या घरी जाऊन विचारतो. त्यांना ऐकवतो आणि विचारतो."

"लई घरं हायत, काका."

"हायत."

शाल-श्रीफळाचं नगरपालिकेला काय सांगायचं, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. ते तसेच पद्माक्काच्या दारी गेले आणि म्हणाले, "अक्का, चल. त्रिशला ऐकायची तयार हाय."

तिनं गॅस बंद केला, धुतलेलं लुगडं नेसून आली. वाटेत मगदूमांनी तीनदा तोंड उघडलं. "अक्का, त्यात माझा बी आवाज हाय," एवढंच तिसऱ्या खेपेला निघालं. "असंल की," ती म्हणाली. "तुम्ही तिथंच होतासा." तिची पावलं भराभर पडत होती आणि मगदूम मागं राहत होते.

आतल्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. मगदूमांनी दाराजवळची घेतली. अफसानानं चित्र लावलं आणि आवाज खोलीभर सोडला.

त्रिशला दिसली तशी पद्माक्का पुढं झुकली. मुलीचे ओठ हलले, वर मगदूमांची वायरीची बडबड. "काय म्हणाली? परत लाव गं पोरी." अफसानानं परत लावलं. आईला चार वेळा लागल्या नाहीत. दुसऱ्याच खेपेला तिचे ओठ लेकीच्या ओठांबरोबर हलले.

"मला आवडलाय गं तो," पद्माक्का पुटपुटली. "पण आईला सांगू नको..." आणि मग ती पडद्याला म्हणाली, अगदी समोर बसलेल्या माणसाला म्हणावं तसं, "बघ. मी म्हणतच होते."

पडद्यावर त्रिशला हसली आणि इकडे तिची आई हसली. दोघींचं हसणं एकसारखं होतं. पद्माक्काचे डोळे वाहत होते, पदर तोंडाशी गेला नव्हता, आणि गेल्या कित्येक वर्षांत मगदूमांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

‘अरे हिला हसू नको म्हणावं कुणीतरी. सगळी फ्रेम दातांनीच भरायलीय.’

मगदूमांनी फरशीकडे पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटणारी माणसं पूर्वी खरंच तसं म्हणत असतील, कारण दुसरं काही म्हणण्यासारखं नसतं. पद्माक्का वळली नाही. तिनं लेकीचा हात तोंडावर जाताना पाहिला. ‘दात दिसतात म्हणे’ ऐकलं. हळद पाहिली. वरात आली, ‘नवरीबाई, जरा हसा की’ आलं, तेव्हा मात्र तिनं हात वर केला आणि अफसानानं चित्र थांबवलं.

पद्माक्कानं खुर्ची वळवली आणि मगदूमांकडे पाहिलं. तिला ओरडायचं नव्हतं. ती त्यांचं तोंड बघत होती, आजवर नीट बघितलं नसावं तसं.

मगदूम उठू लागले. इथं थांबायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटलं. आणि खरं सांगायचं तर पळून जावंसंही वाटलं.

"बसा, मगदूम," ती म्हणाली. ‘अण्णा’ गळून पडलं होतं. "दोन दिवसांचं लग्न हाय माझ्या लेकीचं. मी सगळं बघणार हाय. तुम्ही बी शेवटापर्यंत बसायचं."

अफसानानं चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि दयेनं आवाजाचं बटण जरा खाली सरकवलं. पद्माक्कानं हात लांबवून ते होतं तिथं आणलं.

"अक्का," मगदूमांचे हात आपोआप जोडले गेले होते, "माझं ऐक, मी..."

"गप बसा," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "तुमचं बोलून झालंय. आता तिला बोलू दे."

मगदूमांनी तोंड मिटलं.